बत्तीस बादल्या, एकच वजन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, हे तलवाड्यात आमच्या गल्लीला माझ्या बारशापासून ठाऊक आहे. आई तर सांगते, जन्मल्यावर मी रडलेच नाही, ओरडले. अशा बाईच्या हाताखाली बत्तीस बायका देणाऱ्या माणसाचीच खरं तर चौकशी व्हायला पाहिजे होती. पण आमच्या मालकांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं, परभणीला अन्नप्रक्रिया शिकून आलेली पोरगी आहे एवढं ऐकलं आणि म्हणाले, "या सोमवारपासून. हंगाम संपला की ठरवू, तुम्हाला ठेवायचं का न्हाई ते."

कारखाना धारूरच्या डोंगराला टेकून. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, एक शीतखोली आणि समोर मालकांची सीताफळाची बाग. आसपासच्या बागांची फळं क्रेटमधून यायची, बायका ती हातानं फोडून चमच्यानं बियांसकट गर काढायच्या, पुढं मशीन बिया वेगळ्या करायचं आणि गर पिशव्यांत भरून गोठवला जायचा. पुण्यामुंबईला सीताफळाचं आइस्क्रीम खाणाऱ्यांना वाटतं, ते यंत्रातून येतं. ते बायकांच्या बोटांतून येतं.

मालक मुळात शेतकरी, मनानं मोकळे, पण नुकतेच पुण्याला दोन दिवसांचं शिबिर करून आलेले. माणसांकडून काम कसं करून घ्यावं, असा काहीतरी विषय होता. तिथून एक निळी फाइल आणि 'परफॉर्मन्स' हा शब्द एवढं घेऊन परतले होते. फाइल मला दिली, शब्द स्वतःजवळ ठेवला. दर तिसऱ्या वाक्याला तो यायचा. चहा पातळ झाला तरी चहावाल्याचा परफॉर्मन्स घसरलेला असायचा.

पहिल्याच दिवशी मी बायकांना केस झाकायच्या टोप्या वाटल्या. त्यांनी त्या पदरावरून घातल्या आणि एकमेकींकडं बघून अशा काही खिदळल्या, की फळं फोडायची राहिली बाजूला. "म्याडम, नवरदेव केलं व्हय आमाला? आता घोडं कुठंय?" हे विचारणारी एक तरणीताठी बाई होती, हात विजेसारखा आणि तोंड त्याहून जोरात. मी आवाज चढवला, "हसायला पगार नाही मिळत!" शेड गप्प झाली. मला वाटलं, जमलं बुवा आपल्याला.

निळ्या फाइलीत लिहिलं होतं, की चांगलं काम करणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक करावं, म्हणजे बाकीचे पेटून उठतात. मी लगेच प्रत्येकीला नंबर घातलेली स्टीलची बादली दिली. दिवसातून तीनदा वजन. जिचा गर सगळ्यात जास्त, तिचा फोटो दारातल्या फळ्यावर, वर लिहिलेलं, 'आजची राणी'. पहिली राणी अर्थातच ती तरणी बाई. मी तिचा फोटो काढला, धारूरहून मोठा करून आणवला आणि वॉचमनकाकांना म्हटलं, "जरा नीट लावा, मान वाटला पाहिजे."

काकांनी मनापासून मान दिला. सकाळी मी आले तर फोटोला झेंडूचा हार, खाली उदबत्ती.

टेम्पोतून उतरलेल्या बायका दारातच थबकल्या. राणीसाहेबांनी स्वतःला हारात बघितलं आणि अशा किंचाळल्या! "अगं बया! जितेपणीच घातला का गं मला हार! म्याडम, माझं लेकरू दुसरीत हाय आजून!" बाकीच्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. दोघी तर जमिनीवर बसल्या. मी काकांवर खेकसले, काका म्हणाले, "मान म्हंजी हारच की वो." फळा त्याच दिवशी उतरला. तेव्हा मीही हसले असते तर बरं झालं असतं. मी दिवसभर फुगून बसले.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. संध्याकाळी बादल्यांच्या तिन्ही वजनांची बेरीज मारली: पहिली बादली अठ्ठावीस किलो. पुढची, अठ्ठावीस. त्याच्या पुढची अठ्ठावीसला थोडी कमी. बत्तीस बादल्या, एकच वजन. मला वाटलं काटा बिघडला. सगळ्या गेल्यावर मी स्वतः काट्यावर उभी राहिले. काटा अगदी बरोबर होता, दुर्दैवानं.

मालकांना आकडे दाखवले तर ते खूश होण्याऐवजी कपाळाला आठ्या घालून बसले. "असं असतंय का कुठं? बत्तीस जणींत ढिल्या चार-पाच असणारच. हे बघा म्याडम, डोंगरावरची फळं यंदा कमी हायेत. पुढल्या आठवड्यापासून मला सत्तावीसच बायका लागतील. ज्या मागं पडत्यात त्या पाच जणींची नावं शनिवारपर्यंत द्या. हाच तुमचा परफॉर्मन्स."

म्हणजे पाच जणींचं काम जाणार होतं आणि कुणाचं ते मी ठरवणार होते. आणि मला ठरवता येत नव्हतं, कारण माझ्या नाकासमोर कुणीतरी मला उल्लू बनवत होतं.

गुरुवारी मी रिकाम्या क्रेटच्या ढिगामागं लपले. हो, लपले. परभणीचं प्रमाणपत्र, पांढरा कोट आणि क्रेटच्या फटीला लावलेला एक डोळा. दहा मिनिटांत सगळं दिसलं. ती तरणी बाई दोन चमचे आपल्या बादलीत टाकत होती आणि तिसरा, न बघता, गप्पा मारत, शेजारच्या म्हाताऱ्या मावशींच्या बादलीत. मावशींच्या पलीकडची बाईसुद्धा तेच करत होती. चारही टेबलांवर तेच. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं, आणि तोंडानं कुणाच्या तरी नणंदेच्या लग्नातली भांडणं चालली होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "चोरी! ही चोरी आहे!" असं ओरडत मी ढिगामागून झेपावले, सीताफळाच्या सालीवर माझा पाय पडला आणि मी शेडच्या मधोमध बदकन बसले. कोट, गर, बिया, सगळं एक झालं. मग बत्तीस बायका एकदम हसल्या. त्या हसतच होत्या आणि हसता हसता सहा हातांनी मला उठवतही होत्या. म्हाताऱ्या मावशी पदरानं माझा कोट पुसत म्हणाल्या, "लागलं का वो? कावून लपला व्हता तिकडं? इचारायचं की."

मी विचारलं नाही. मी म्हटलं, "उद्यापासून प्रत्येकीनं वेगळं बसायचं. पाठीला पाठ लावून. बोलायचं नाही."

शुक्रवारी शेडमध्ये बत्तीस स्टुलं आणि चमच्यांचा आवाज. परीक्षेचा हॉल बरा. तरण्या बाईचे छत्तीस किलो भरले. मावशींचे चौदा. बाकीच्या मधेच कुठंतरी. एकूण बेरीज मात्र आदल्या दिवसापेक्षा कमी! तीन जणी डोकं दुखतंय म्हणून दुपारीच गेल्या. मी ती बेरीज बघितली आणि न बघितल्यासारखी केली, कारण मला माझी पाच नावं मिळाली होती. पहिलं नाव मावशींचं.

त्या दिवशी सकाळचं पहिलं वजन बघूनच मी जेवणाच्या सुट्टीत मावशींजवळ गेले होते. मन खात होतं, दुसरं काय. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "ऊसतोडीला गेलतो तवा कोयता लागलता," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "लई वरसं झाली. दुखत न्हाई आता, नुसतं वळत न्हाई."

"घरी कोण असतं?"

"मी अन् भिंती. लेकी नांदायला गेल्या, घरधनी वर गेले. भिंती काय बोलत न्हाईत." मग डोळे बारीक करून हसल्या. "सकाळी टेम्पो आला की बरं वाटतंय बघा. ह्या पोरी इतकं भांडत्यात, इतकं भांडत्यात, दिवस कसा जातो ते कळत न्हाई. उन्हाळ्यापास्नं वाट बघती मी सीताफळाची."

तरीही संध्याकाळी मी पाच नावं लिहिली, कागद टेबलावर टाकला आणि खोलीवर गेले.

जेवावंसं वाटेना, म्हणून आईला फोन लावला. कौतुक ऐकायला लावला होता, खोटं कशाला बोलू. सगळी चोरी मी कशी पकडली ते तिखटमीठ लावून सांगितलं. सालीवर पडले तेवढं गाळलं. आई ऐकत राहिली आणि मग हसायलाच लागली.

"अगं येडे, चोरी कशाची! पातीला हात लावत्यात त्या."

पात म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खुरपायला बायका बसल्या की प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या दोन-तीन ओळी येतात, ती तिची पात. सगळ्या एकदम या बांधावरून सुटतात आणि त्या बांधाला लागतात. एखादीची पात मागं राहिली, तर शेजारच्या दोघी आपल्या पातीतून हात लांबवून तिचं थोडं थोडं खुरपत नेतात. बांधावर सगळ्या एकाच वेळी पोचतात. लहानपणी मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. पांढरा कोट घातल्यावर तेच मला चोरी वाटलं.

"तू सा म्हैन्यांची व्हतीस," आई सांगत होती. "लिंबाला झोळी बांधायची अन् खुरपाया बसायचं. तू म्हंजी अशी वराडायची, की मला दर घडीला उठावं लागायचं. माझी पात कदीच फुडं गेली न्हाई. ह्या बाजूची एक अन् त्या बाजूची एक, दोघी माझी पात वढायच्या. वरीसभर. मुकादमाला कदी कळलं न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कळलं आसतं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं आसतं त्यानं," आई म्हणाली. आणि मग एकदम, अगदी सहज, "तू मुकादम झालीस व्हय गं?"

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले. आई फोनवर म्हणत होती, "अगं मी चेष्टा केली, जेव आता." पण ती चेष्टा नव्हती, आणि मला माझा इतका राग आला होता, की तसा मला दुसऱ्या कुणाचा कधी आला नाही.

सकाळी लवकर गेले. पंख्याच्या वाऱ्यानं तो कागद कुठं उडाला असेल या धास्तीनं आधी टेबलाकडं धावले. पण कागद पाण्याच्या तांब्याखाली नीट दाबून ठेवलेला होता. मी तो फाडला आणि मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"नावं?"

"नाहीत. कुणालाच काढायचं नाही. वजन बाईचं नाही घ्यायचं, टेबलाचं घ्यायचं. आणि त्यांना बोलू द्यायचं, भांडू द्यायचं. काल मी वेगळं बसवलं तर गर कमी निघाला, हे बघा."

मालकांनी दोन्ही दिवसांची बेरीज दोनदा पाहिली. "अन् फळं कमी आली तर बत्तीस जणींना काम कुठून देऊ?"

"मी चौसाळ्याच्या बाजूच्या बागा बघून येते. फळ आणायचं माझ्याकडं."

"ठीक हाय," मालक फाइलीवर बोटं वाजवत म्हणाले. "पण मग आइस्क्रीमवाल्यांची हंगामाची ऑर्डर पुरी करून गाडी वेळेवर गेली पाहिजे, म्याडम. एक खोकं जरी परत आलं, तर त्या पाच जणी ऱ्हातील अन् तुमी जाल. चालतंय?"

"चालतंय," मी म्हटलं. राग असला की मी कशालाही चालतंय म्हणते.

त्यानंतरचे दिवस लई मजेचे गेले. मी भल्या पहाटे चौसाळ्याकडच्या बागांतून फिरायचे, फळांचे डोळे उघडून ती तोडणीला आलीत का बघायचे, क्रेट भरून आणायचे आणि शेडमध्ये येऊन टेबलाशी बसायचे. नणंदेच्या लग्नातलं भांडण कसं मिटलं तेही मला कळलं. मिटलं नव्हतं. टेबलाटेबलांत चुरस लागायची, पण संध्याकाळी चौथं टेबल मागं दिसलं की पहिल्या टेबलावरच्या दोघी उठून तिकडं जाऊन बसायच्या. मी डोळे मिटायचे. फोटोच्या हाराची गोष्ट मीच आता तिखटमीठ लावून सांगायचे.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी दोनला शेवटची बादली मशीनमध्ये गेली. बायकांनी हातपाय धुतले, टोप्या काढून माझ्या टेबलावर रचल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या. पाचला गिऱ्हाइकाची गाडी येणार होती, मालक गिऱ्हाइकाच्या माणसाला आणायला बीडला गेले होते. मी शीतखोलीत शेवटची नजर टाकायला गेले आणि पाचावर धारण बसली.

खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तारखेचा शिक्का मी मारायचे. नोव्हेंबर लागून तीन दिवस झाले होते आणि मी शिक्क्यातला महिना बदललाच नव्हता. तीन दिवसांची सगळी खोकी, तीनशेच्या वर, ऑक्टोबरची! बायकांचा चमचा न् चमचा पकडणाऱ्या बाईला स्वतःच्या हातातला शिक्का दिसला नव्हता.

मी बाहेर पळाले. वॉचमनकाकांना हाक मारायची होती, पण आवाज असा निघाला की टेम्पोतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "काय झालं वो म्याडम?" मी सांगितलं. सांगता सांगता म्हटलं, "तुम्ही जा, तुमचं काम संपलंय. मी बघते."

म्हाताऱ्या मावशी दारातच बसल्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "बंद कर रे गाडी."

पुढं काय झालं ते मला नीट सांगताही येत नाही. बत्तीस जणी खाली उतरल्या. शीतखोलीच्या दारापासून टेबलापर्यंत रांग लागली. दहा दहा खोकी बाहेर, जुनी चिठ्ठी काढ, नवी लाव, परत आत. गर वितळता कामा नये, म्हणून ती तरणी बाई दारात उभी राहून ओरडत होती, "हाला गं बायांनो, आइस्क्रीम हितंच खाणार हाव का?" नव्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारायला मी आणि मावशी बसलो. घाईत माझे दोन शिक्के उलटे पडले. मावशी हळूहळू, एकेक, सरळ मारत होत्या. त्यांच्या पुढ्यातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा मात्र आपोआप कमी होत होता, कारण येता जाता प्रत्येक बाई त्यातल्या दहा-वीस उचलून दुसऱ्या टेबलावर नेत होती. आणि माझ्याही गठ्ठ्यातल्या नेत होती. हे माझ्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

पावणेपाचला शेवटचं खोकं आत गेलं. पाचला गाडी आली. गिऱ्हाइकाच्या माणसानं चार खोकी उघडली, चिठ्ठ्या वाचल्या, मान डोलावली. मालक माझ्याकडं वळून म्हणाले, "काय म्याडम, परफॉर्मन्स झाला की!" मी झालेलं सगळं तिथंच सांगून टाकलं. मालक आधी लाल झाले, मग बायकांकडं बघितलं, मग म्हणाले, "पुढल्या वर्षी शिक्का दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या." पुढल्या वर्षी! माझ्या कानात दुसरं काही शिरलंच नाही.

टेम्पो निघाला तशी मीही त्यात चढले. आभार मानायचे होते आणि मला ते कधीच धड जमत नाही, भांडायला सांगा. मावशींच्या शेजारी कशीबशी टेकले. घाटाची वळणं लागली, बायकांनी गाणं धरलं. त्या आवाजात मी म्हटलं, "मावशी, एक सांगू? मालकांनी पाच नावं मागितली होती काढायला. मी लिहिली होती. पहिलं तुमचं होतं."

"ठावं हाय की," मावशी बाहेर बघत म्हणाल्या. "त्या दिशी झाडायची पाळी माझी व्हती. कागद खाली पडलावता, मीच उचलून तांब्याखाली ठिवला. पाचवी शिकलीय मी."

मला वाटलं टेम्पोतून उडी मारावी. "तुम्ही वाचला? आणि उचलून ठेवला? फेकून नाही दिला?"

"तुमचा कागद, तुमाला लागंल म्हनून ठिवला."

"मग काही बोलला का नाहीत? आणि आज गाडी थांबवलीत?"

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आई बघते, मी अगदीच खुळ्यासारखं काही विचारलं की. "आवं, तुमची पात मागं राहिलती. आमी काय एकट्याच बांधावर जाऊन बसनार व्हतो?"

मग त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "सरका हिकडं, पडाल. परत उचलावं लागंल."